गिरणीच्या गच्चीवरचा तेजोमेघ

जिंतूरला बसस्थानकाजवळ राहायला आले तेव्हा आकाश गेलं असंच मी धरून चालले होते. स्थानकाचा उंच दिवा, रसवंत्यांच्या रंगीत माळा, आणि आमच्याच घराखालच्या पिठाच्या गिरणीवरचा पांढराफेक झोत. मृगाचे ठळक तारे तेवढे दिसायचे, बाकी नुसता गढूळ उजेड.

तरी दुर्बीण घेतलीच. तिला कॅमेरा जोडला आणि मध्ये एक फिल्टर बसवला. दिव्यांचा बराचसा उजेड तो अडवतो, तेजोमेघाचा, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगाचा, तांबडा उजेड आत येऊ देतो. फेब्रुवारीत अंधार पडला की मृग वर आलेलाच असतो. त्याच्या पूर्वेला, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे मी रोख धरला. पण फोटोत प्रत्येक ताऱ्याची रेघ उमटायची. खाली गिरणी सुरू असली की गच्ची थरथरायची.

गिरणी चालवणाऱ्या घरमालकीणकाकू वाळलेल्या मिरच्या उचलायला वर आल्या.

“बाई, काय करायलाव? तिथं तर काईच न्हाई.”

“आहे, काकू. पण गच्ची हलते, म्हणून सापडत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. “मग सांगायचं न्हाई का? दिवेलागणीला बंद करते मी. लाईट बी मालवते.”

त्यांनी तसंच केलं. आठवडाभर दळणाला येणाऱ्या बायकांना त्या दुपारीच बोलवत होत्या. मी रोज फोटो काढत गेले, आणि एका रविवारी ते सगळे लॅपटॉपवर एकावर एक रचले. शहराचा करडा धुरळा हळूहळू विरत गेला आणि काळोखातून तांबड्या पाकळ्यांचं एक प्रचंड फूल वर आलं. त्याचे फोटो मी पुस्तकांत किती वेळा पाहिले होते, पण हे मी स्वतः काढलेलं होतं. हा उजेड हजारो वर्षं चालत येऊन आमच्या गच्चीवर पोचला होता.

मी काकूंना हाक मारली. पिठाचे हात पदराला पुसत त्या लॅपटॉपवर वाकल्या.

“केवढं आसल हे?”

“डोळ्यांना दिसलं असतं, तर पुनवेच्या चंद्राहून मोठं.”

“आन् हे आपल्या डोक्यावर हाय? रोज?”

“हिवाळ्यात रोज.”

“लय नवल झालं बाई,” त्या पुटपुटल्या, आणि दळण घेऊन खाली थांबलेल्या बायकांना त्यांनी जिन्यातूनच वर बोलावलं.