दहावा माणूस

त्या रविवारी डॅनियलला फोन मी केला होता. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या लेआमावशी पाच आठवड्यांपूर्वी गेल्या. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये होतो. खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची चीड अजून जात नाही.

आम्ही कोकणातले बेने इस्राएल; घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. मावशी मूळच्या रेवदंड्याच्या, इथे परदेशात नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या. कशालाही इथल्या लोकांसारखं 'ग्रँड', म्हणजे छान, म्हणायच्या, फक्त रूथच्या बाबतीत तो शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. रूथ आमच्यातलीच, एक्स-रे विभागात काम करणारी. कोर्टाने तिला डॅनियलपासून केव्हाच मोकळं केलं होतं. पण आमच्यात नवऱ्याने राजीखुशीने 'गेट', म्हणजे फारकतीचा कागद, दिल्याशिवाय बाई सुटत नाही. दुसरं लग्न केलंच तर त्या मुलांना कायमचा डाग. डॅनियल म्हणायचा, आधी तिला माझ्या आईची माफी मागू दे, मग बघू. सात वर्षं त्याचं बघणं चालू होतं.

मावशींनी रब्बींना, आमच्या धर्मगुरूंना, पत्रं लिहिली, डॅनियलच्या बहिणीला समजावलं. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की या माणसाला एकाच गोष्टीची किंमत आहे... चार लोकांत प्रार्थनेला उभं राहण्याची. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि आम्ही इथे मोजून दहा. मावशी एक कागद घेऊन घरोघर गेल्या : गेट देईपर्यंत डॅनियलला दहांत धरणार नाही. नऊ जणांनी सह्या केल्या. वृद्ध शालोमकाका कुरकुरले, "लेआ, मग प्रार्थनाच बंद पडेल की!" मावशी म्हणाल्या, "पडू दे. तिचं आयुष्य बंद पडलंय ते दिसत नाही तुम्हाला?"

पाच महिने आमची एकही प्रार्थना झाली नाही. मग डॅनियलच्या बहिणीने कळवलं, तो नरमलाय, रब्बींकडे तारीख मागतोय. आणि नेमकी माझ्या वडिलांची पहिली पुण्यतिथी आली. मुलाने म्हणायचा कद्दीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, दहा जणांशिवाय म्हणता येत नाही, आणि वडिलांनी जाताना माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं. मी फोन केला. आम्ही नऊ जण माझ्या घरी जमलो, बेल वाजली, दारात डॅनियल. सगळे खाली बघायला लागले. मीही. शालोमकाका पुटपुटले, "आलाय तर उभा राहू दे." मी कद्दीश म्हटला... वडिलांसाठी, एका बाईच्या जिवावर. आम्हा नऊ पुरुषांपैकी एकालाही उठून बाहेर जावंसं वाटलं नाही.

मावशी मलिद्याचं ताट घेऊन आल्या, पोहे, खोबरं, फळं नीट रचलेली. डॅनियलला पाहून दारातच थांबल्या. स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, "सॅमी, याला बोलावलं कोणी?" मी ग्लास पुसत राहिलो. कोणीतरी शालोमकाकांचं ते वाक्य त्यांच्या कानावर घातलं, आणि बोलावलंही काकांनीच असं त्यांनी धरलं. मावशी ताट तसंच उचलून गाडीत ठेवून निघून गेल्या. त्या काकांशी पुन्हा बोलल्या नाहीत. दोन गल्ल्या पलीकडे राहणारे काका त्यांच्या दफनालाही आले नाहीत. डॅनियलने पुढच्याच आठवड्यात कळवलं की आता घाई नाही. आणि काही महिन्यांत देश सोडून, पत्ता मागे न ठेवता, गेला. मला मात्र दर नव्या वर्षाला न चुकता शुभेच्छा पाठवतो. गेल्या वर्षी नव्या घराचा पत्ताही पाठवला, कधी आलास तर ये म्हणून. मावशी शेवटपर्यंत तो पत्ता शोधत होत्या. एकदा मलाही विचारलं होतं.

परवा त्यांच्या मुलीने घर आवरायला बोलावलं. स्वयंपाकघरातला प्रेस, म्हणजे इथलं कपाट, उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला तो कागद अजून चिकटवलेला. रोज चहापत्ती काढताना त्यांना तो दिसत असणार. नऊ सह्या. शालोमकाकांच्या नावावर दोनदा ओढलेली रेघ. माझं नाव तसंच, स्वच्छ.

मुलीने विचारलं, "हा टाकून देऊ?" मी तो खिशात घातला.

शालोमकाकांना सांगायचं आहे की ती रेघ माझ्या नावावर हवी होती. रूथला डॅनियलचा पत्ता द्यायचा आहे. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.