इंदूनं मांडलेली भट्टी

इंदू गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी फळ्यावर भागाकार मांडत होते. तो अर्धाच राहिला... नाहूरच्या आमच्या चाळीत ती माझी भिंतीपलीकडची शेजारीण. महिना होऊन गेला, तरी दुपारचा चहा मी अजून दोघींचाच टाकते.

पाच वर्षांपूर्वी गिरणीला टाळं लागलं आणि तिचा नवरा विष्णू, चांगला फिटर, खाटेवर छताकडे बघत पडून राहू लागला. इंदू कोकणातल्या लोहाराची लेक. रडत बसणं तिला जमायचंच नाही. गोवंडीच्या भंगारातून तिनं ट्रकचा ब्रेक ड्रम, नळी, हातानं फिरवायचा पंखा आणि ऐरणीसाठी रुळाचा तुकडा आणला. ड्रमला आतून मातीचा लेप देऊन चाळीमागे भट्टी मांडली. नळी तेवढी विष्णूनं बसवली, कारण तिनं मुद्दाम वाकडी लावलेली त्याला बघवेना.

त्यानं विळ्या घडवाव्यात, एवढंच तिला हवं होतं. पण फिटरचं काम वेगळं आणि तापल्या लोखंडाचं वेगळं. पहिलं पातं तडकलं. दुसरंही गेलं. सगळी चाळ बघत होती. तो पुन्हा खाटेकडे वळला आणि मला वाटलं, हा आता कायमचाच झोपला.

इंदूनं सांडशीनं लालभडक पट्टी काढून ऐरणीवर धरली, दुसऱ्या हातात छोटी हातोडी घेतली. "घण घेवा. मी हातोडी टेकवीन थंयच मारा."

"बायलेच्या हुकमान घण मारू मी?"

"माज्या नको, लोखंडाच्या हुकमान मारा. ता थंड होत चल्ला."

तो तसाच उभा. पट्टीची लाली उतरत चालली... आणि घण पडला.

मग रोजच तिची टक् आणि त्याचा दणका. आम्हाला त्याची सवयच झाली. विळ्या पार मनोरीच्या कोळणींपर्यंत गेल्या. कुणी "विष्णूची विळी" म्हटलं की तो लगेच म्हणायचा, "इंदूची." अशा वेळी मला त्या माणसाचा फार अभिमान वाटायचा.

परवा मागून पंखा फिरल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर विष्णू एकटाच. ऐरणीवर लाल पट्टी, खांद्यावर घण, आणि हात काही खाली येईना.

"बाई, टक् ऐकल्याशिवाय मारूकच जमणा नाय."

हातोडी कुठं टेकवायची ते मला काय डोंबल कळणार! पण लोखंड थंड होत होतं. मी सांडशी धरली, हातोडी टेकवली आणि म्हटलं, "मारा."