मांडीवरच्या मुलाचे डोळे

कुठलीही मूर्ती समोर आली की नवनाथ आधी तिचे डोळे बघायचा. संजनाला बघायला तिच्या घरी आला, तेव्हाही त्याने तिच्याकडे तसंच पाहिलं होतं, रंग सुकला की नाही हे तपासावं तसं. तिला हसू आवरलं नव्हतं. ती बी.ए. झालेली, सिस्टरांच्या शाळेत शिकलेली. आणि हा विंचूरहून नाशिकरोडला आलेला, दहावीनंतर गणपतीच्या कारखान्यात रमलेला माणूस. वडिलांनी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की माणूस कमी बोलतो, पण बघतो नीट.

लग्नानंतर पहिल्याच सीझनला तिला कारखान्याचा एक नियम कळला. गणपतीचं सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळ्यांची आखणी. ते काम फक्त नवनाथ करायचा, भल्या सकाळी, अंघोळ करून. चारदोन केसांचा बारीक ब्रश, श्वास धरून ओढलेली एक रेघ, मग दुसरी. त्या वेळी कारखान्यात कुणी बोलायचं नाही. शिंक आली तर बाहेर जायचं. मूर्तीचे डोळे उघडल्याशिवाय ती दाराबाहेर पाठवायची नाही. डोळे राहिले म्हणजे काम अर्धवट सोडलं, असं तो म्हणायचा, आणि अर्धवट काम त्याला घशात अडकलेल्या घासासारखं वाटायचं.

कारखान्यामागच्या गल्लीत एक छोटं चर्च होतं. आत समोरच्या भिंतीला टेकून प्लास्टरचा एक जुना पुतळा होता. मारिया बसलेली आणि क्रुसावरून उतरवलेला तिचा मुलगा तिच्या मांडीवर आडवा. रंगाचे पोपडे निघाले होते, मुलाच्या छातीवर ओल धरली होती. अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या तोंडावर, तिथले म्हातारे फादर नवनाथला शोधत आले. गणपती रंगवता तर हेही रंगवाल का, असं त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. भाद्रपद लांब होता, हाताला काम नव्हतं. नवनाथ लगेच हो म्हणाला.

पाच दिवस तो तिथे राबला. मारियेच्या पदराची निळाई त्याने तीनदा बदलली, कारण त्याच्या मते आकाशाचा निळा वेगळा आणि बाईच्या लुगड्याचा वेगळा. शेवटच्या सकाळी चर्चमधली लाइट गेली, म्हणून बॅटरी धरायला संजना सोबत गेली. त्याने मारियेचे डोळे आखले. खाली झुकलेले, मुलाकडे लागलेले. मग ब्रश धुतला, परत काळ्यात बुडवला आणि मुलाच्या मिटलेल्या पापणीवर टेकवला.

संजनाला माहीत होतं. शाळेत दर गुड फ्रायडेच्या आधी सिस्टर ती गोष्ट सांगायच्या. मांडीवरचा मुलगा गेलेला आहे, हे तिला त्या क्षणी सांगता आलं असतं. पण आखणी चालली होती, आणि आखणीत बोलायचं नाही हे तिच्या अंगात मुरलेलं. तिने बॅटरी घट्ट धरली. दोन्ही डोळे उघडले. नवनाथने श्वास सोडला, मागे सरकून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

घरी आल्यावर तिने सांगितलं. नवनाथचा चेहरा उतरला. तो तसाच उठून परत गेला, चूक दुरुस्त करायला. पण त्याच्या आधी तिथे लंकाबाई पोहोचली होती. लंकाबाई त्याच वस्तीतली, नोटांच्या प्रेसमध्ये साफसफाईचं काम करणारी. तिचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी हायवेवर अपघातात गेला होता. घरी आणला तो बांधूनच, तोंडही नीट बघायला मिळालं नव्हतं. ती पुतळ्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. नवनाथच्या हातात ब्रश बघून तिने विचारलं, आता काय करायचं राहिलं. त्याने सांगितलं, डोळे चुकून उघडे झालेत, मिटायचेत.

"राहू दे बाबा," ती म्हणाली. "आईकडं बघतोय तो. कुठं कुणाचं बिघडतंय?"

फादर पुतळ्याजवळ आले, वाकून पाहिलं. मग म्हणाले, ईस्टरपर्यंत असू दे. ईस्टर होऊन गेला, पुढचाही गेला. डोळ्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. नवनाथ दर फेब्रुवारीत जाऊन रंगाला हात लावून यायचा. दरवेळी नव्या फादरला सांगायचा की ही चूक माझी आहे, म्हणाल तेव्हा मिटतो. दरवेळी कोपऱ्यातून लंकाबाई खोकायची आणि विषय तिथेच संपायचा.

निकिता लहानपणापासून बापाबरोबर तिथे जायची. रंगाच्या डब्यांच्या झाकणांवर ती त्या पुतळ्याचे हात काढायची, पाय काढायची. दहावीच्या वहीच्या मागच्या पानांवरही तेच. संजनाला काळजी वाटायची, मुलगी शिकणार तरी काय. मुलगी ॲनिमेशन शिकली. मग सराफाकडे कॉम्प्युटरवर दागिन्यांची डिझाइनं करायला लागली. संजनाने सुटकेचा श्वास टाकला.

मग एकापाठोपाठ एक गोष्टी घडल्या. नवनाथचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थरथर थोडी कमी झाली, पण आखणीचा ब्रश धरण्याइतकी नाही. कारखाना चुलतभाऊ गोटीरामच्या हवाली करून तो घरी बसला. आधीच कमी बोलणारा, आता दुपारभर गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहायचा. दोन वर्षांनी चर्चचं छप्पर बदलायचं निघालं. पुतळा हलवताना आतून ओलीने सडलेलं प्लास्टर सुटलं आणि मारियेच्या मांडीपासून खालचा भाग पोरांच्या हातातच विरघळल्यासारखा झाला. तुकडे गोळा करून आणलेलं पोतं नवनाथने उघडलंसुद्धा नाही.

निकिताने ते उघडलं. तुकड्यांचे फोटो काढले, वस्तीतल्या घराघरांतून लग्नाचे, बाप्तिस्म्याचे जुने फोटो मिळवले. कुठे पुतळ्याचा खांदा दिसे, कुठे पदराची चुणी. आणि टॅबलेटवर डिजिटल पेनाने तिने पुतळा पुन्हा घडवायला घेतला. स्क्रीनवर मातीचा गोळा असावा तसं काहीतरी असायचं आणि ती पेन दाबून त्यातून नाक, हनुवटी, बरगड्या बाहेर काढायची. नखाएवढी सुरकुती करायला ती पूर्ण संध्याकाळ घालवायची. चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी मनोज बघून गेला आणि म्हणाला, मॉडेल पसंत पडलं तर यावरूनच मशीनवर साचा करून नवा पुतळा ओतून घेऊ. नाहीतर कॅटलॉगमधून संगमरवरी मागवू. दुसऱ्या दिवशी निकिताने सराफाची नोकरी सोडली.

संजनाने त्या दिवशी जेवण केलं नाही. पुण्याच्या एका गेम कंपनीतून निकिताला बोलावणं आलं होतं, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं. मायलेकींचं शेवटी असं ठरलं की कमिटीने मॉडेल नाकारलं तर निकिता मुकाट्याने पुण्याला जाईल. स्वीकारलं तर नाशिकमध्ये राहून हेच काम करेल, आणि संजना पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. संजनाने मनातल्या मनात कुठल्या बाजूने नवस बोलायचा तेही ठरवून टाकलं होतं.

येत्या रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर कमिटीची मीटिंग होती. बुधवारी मनोजचा निरोप आला. नव्या फादरांना जुन्या फायलीत बासष्ट सालचा फोटो सापडला होता. त्यात मुलाचे डोळे मिटलेले होते, आणि मूळ होतं तसंच पाहिजे, असं कमिटीचं म्हणणं पडलं होतं.

निकिता ऐकेना. म्हणाली, मी बासष्टचा पुतळा करतच नाहीये, मी पप्पांचा करतेय. डोळे मिटायला एक मिनिट लागेल, पण मी मिटणार नाही. मग संगमरवरी मागवू देत. संजनाला खरं तर बरं वाटायला हवं होतं, पुणं एवढ्या सहज हातात येत होतं. पण तिला पोरीचा राग आला, आणि का आला ते कळेना.

डोळे मिटायचे की नाही यावर भांडण अडलेलं असताना काम मात्र थांबलं नव्हतं. मांडीवरच्या अंगाचा भार नीट उतरत नव्हता. फोटोंत तो भाग कुठेच दिसत नव्हता. शुक्रवारी दुपारी निकिताने आईला पलंगाच्या कडेवर बसवलं, डोक्यावरून चादर दिली आणि बापाला तिच्या मांडीवर आडवं व्हायला सांगितलं.

"लाज वाटती का काही," नवनाथ म्हणाला, पण झोपला.

"पप्पा, पाय सैल सोडा. तुम्ही गेलेले आहात."

"तीस वर्षं हिच्यासंगं काढली. सवय हाय मला."

"अहो, माझ्या मांडीला मुंग्या आल्या," संजना म्हणाली. "गेलात तरी वजन काही कमी होत नाही तुमचं."

निकिता हसत हसत मोबाइल घेऊन दोघांभोवती फिरत होती, फोटो काढत होती. मग ती गंभीर होऊन म्हणाली, पप्पा, आता मान टाका. नवनाथने मान टाकली, डोळे मिटले. थरथरणारा हात खाली लोंबत होता, तोही क्षणभर थांबला. संजनाने खाली पाहिलं. पांढरी दाढीची खुंटं, उघडं पडलेलं ओठांचं टोक.

"अहो, डोळे उघडा," ती म्हणाली. तो हलला नाही तेव्हा पुन्हा म्हणाली, "उघडा म्हणते ना."

नवनाथने उघडले. तो तिच्याकडे खालून बघत राहिला, आणि निकिताचा मोबाइल तसाच वर धरलेला राहिला.

"त्या दिवशी बॅटरी धरून उभी होते मी," संजना म्हणाली. "मला ठाऊक होतं तो गेलेला आहे. बोलले असते तर चूक झालीच नसती."

"बोलली असतीस तर लंकाबाईला काय बघायला मिळालं असतं?" नवनाथ म्हणाला. मग तो कसाबसा उठून बसला, लुंगी सारखी केली आणि निकिताकडे वळला. "पण आता ते मीट. त्यांचा देव हाय, त्यांनी सांगायचं. सत्तावीस वर्षं माझ्या चुकीला सांभाळून घेतलं त्या लोकांनी. आता तू माझ्यापायी अडवून बसू नको."

निकिताचे डोळे भरून आले. तिने टॅबलेट मांडीवर घेतला, पापण्या खाली ओढल्या आणि त्याला दाखवलं. नवनाथने बघून मान हलवली, नाही म्हणून. "हा झोपलाय. झोपलेल्याच्या पापणीत जोर असतो. गेलेल्याची नुसती टेकलेली असती." माझ्या बापाची मीच मिटली होती, एवढं तो हळूच म्हणाला. तिने परत केलं. तो परत नाही म्हणाला. तिसऱ्यांदा तिने पेन त्याच्यापुढे धरलं.

"माझा हात बघतीस ना?"

तिने सेटिंगमध्ये काहीतरी बदललं. म्हणाली, यात रेघ हाताच्या मागून येते, हात हलला तरी ती हलत नाही, तुम्ही फक्त ओढा. नवनाथने पेन धरलं. पेन काचेवर टकटक वाजत होतं, हात वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता, आणि स्क्रीनवर मात्र एक सरळ, शांत रेघ पापणीच्या कडेने चालली होती. अर्ध्यावर तो थांबला, स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. त्याने पुढची रेघही ओढली. दुसरा डोळा मिटवायला त्याला पंधरा मिनिटं लागली. मग तो म्हणाला की ओठ थोडा उघडा ठेव, आणि उजव्या गालावरची सावली जरा जास्त झालीये. अंधार पडेपर्यंत दोघं बोलत होती. तीन वर्षांत तो एका दिवसात इतकं बोलला नव्हता.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये टीव्हीवर मॉडेल लावलं. निकिताने ते सावकाश फिरवून दाखवलं, समोरून, बाजूने, पाठीमागून. फादरांनी बासष्टचा फोटो शेजारी धरून पाहिला. मनोज म्हणाला, पायाची बोटं तर जुन्यापेक्षाही चांगली झालीत. सगळे बोलत असताना लंकाबाई काठी टेकत पुढे आली. पंच्याऐंशीच्या आसपासची, एका डोळ्याने जवळजवळ आंधळी. ती टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि बघत राहिली. या बाईने नको म्हटलं तर कमिटीतलं कुणी तिच्यापुढे बोलणार नव्हतं.

"मिटले व्हय," लंकाबाई म्हणाली. तिने काचेवरून बोटं फिरवली. "बरं केलं. लय वर्षं जागवला मी त्याला."

तिने नवनाथकडे वळून पाहिलंही नाही. काठी टेकत जागेवर जाऊन बसली. मनोजने मॉडेल पसंत असल्याचं रजिस्टरमध्ये लिहिलं, फादरांनी सही केली, आणि पुतळ्याखाली नाव काय घालायचं म्हणून विचारलं. नवनाथने निकिताचं सांगितलं, निकिताने दोघांचं. फादर हसून म्हणाले, मग दोघांचं.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच निकिताने पुण्याला नकार कळवणारा मेल लिहिला आणि आईला वाचायला दिला. संजनाने तो दोनदा वाचला. वर्ष-दोन वर्षांनी काय, हातात काम नसलं तर काय, उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं, सगळं तिच्या डोक्यात एकदम दाटून आलं. बाहेर गॅलरीत नवनाथ टॅबलेट गुडघ्यावर घेऊन बसला होता आणि हे पेन कशाने चालू होतं म्हणून विचारत होता.

संजनाने मेल पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मेल गेला.