साहेबाचं मानपत्र

आमच्या साहेबाच्या नावापुढे तीन अक्षरं लागली तेव्हा कतारमधल्या मेसईदच्या आमच्या ऑफिसात केक कापला गेला, आणि तो केक मीच आणला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार शूर वगैरे वाटायला नको.

साहेब इंग्रज, कारखान्याच्या सेफ्टी विभागाचा प्रमुख. मी त्याच विभागात कागदपत्रं सांभाळते. रिपोर्ट, फॉर्म, पोस्टर, सगळं माझ्या हाताखालून जातं. इंग्लंडात नव्या राजाचा राज्याभिषेक झाला आणि त्या निमित्ताने ज्यांना मानसन्मान मिळाले त्यांच्यात आमचा साहेबही होता. कशाबद्दल? तर कामगारांना उन्हापासून वाचवणारी पद्धत घालून दिल्याबद्दल. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक ईमेलखाली ती अक्षरं झळकू लागली, अगदी 'प्रिंटरचा कागद संपला आहे' या ईमेलखालीसुद्धा.

आपण हसायचं कारण नाही म्हणा. आपल्याकडेही हे वेड जुनंच. इंग्रजांचा राजा गादीवर बसला की इकडे मामलेदार-सावकारांना रावसाहेब, रावबहादूर अशा पदव्या वाटल्या जायच्या. लोकांना त्या इतक्या आवडल्या की पुढे पाळण्यातच पोरांची नावं रावसाहेब ठेवायला लागले. सरकार देवो न देवो, बारसं तर आपल्या हातात! माझ्या वर्गात दोन रावसाहेब होते आणि दोघंही गणितात नापास व्हायचे.

आता ती पद्धत काय ते सांगते. उन्हाळ्यात दुपारी इथे बाहेरचं काम बंद असतं, पण सकाळी नऊ वाजतासुद्धा लोखंडाला उघडा हात लावता येत नाही. ऊन लागलंय हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. विचारलं तर तो 'मी ठीक आहे' असंच म्हणतो, कारण बसून राहिला तर मुकादम ओरडेल ही भीती. आमच्याकडे बार्शीकडचा एक पाइप फिटर होता, पन्नाशीतला, माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून आलेला. तो आपल्या टोळीतल्या कुणाला 'बरं वाटतंय का' असं कधीच विचारायचा नाही. तो विचारायचा, "तुझ्या गावाला जायचं तर येष्टी कुठनं धरायची?" नेपाळी, बंगाली, तेलुगू, सगळ्यांना मोडक्या हिंदीत हेच. घर कैसे जाएगा, पहले से बोल. माणूस घडाघडा सांगायला लागला तर ठीक. अडखळला, मधलाच फाटा विसरला, की फिटर त्याच्या हातातला पाना काढून घ्यायचा आणि "खलास, चल सावलीत" म्हणून ओला टॉवेल डोक्यावर टाकून बसवायचा. घरची वाट कुणी विसरत नाही, विसरला तर ऊन डोक्यात गेलं. एवढंच त्याचं शास्त्र.

साहेबाने हे पाहिलं. त्याचं श्रेय त्याला देते, कारण खोटं बोलायची मला आता गरज नाही. त्याने सगळ्या कारखान्यात एकमेकांना विचारायला माणसांच्या जोड्या लावल्या, सहा भाषांत तो प्रश्न असलेलं कार्ड छापून घेतलं, वरच्यांशी भांडून दर तासाला विश्रांतीची सुट्टी मिळवली. पण येष्टीचा तो प्रश्न फिटरचा होता. आणि फिटर कागदावर आलाच नाही, तो माझ्यामुळे. आमच्या फॉर्ममध्ये 'सूचना कुणाची' असा एक रकाना आहे. त्यात कंपनीचा कर्मचारी क्रमांक घालावा लागतो, आणि ठेकेदाराच्या माणसाला तो क्रमांक नसतो. अशा वेळी आम्ही लिहितो, 'साइट फीडबॅक'. तुटकी शिडी, गळका नळ आणि बार्शीचा फिटर, सगळे साइट फीडबॅक. साहेबाच्या सन्मानासाठी विलायतेला जे कागद गेले तेही माझ्याच फायलीतून गेले. तोवर फिटर काम संपवून गावी परतला होता.

केकवर भागलं असतं तर मीही गप्प बसले असते. पण आपल्या माणसांना सत्काराशिवाय चैन पडत नाही. दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना बातमी कळली आणि ठरलं, दिवाळीच्या कार्यक्रमात साहेबाचा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा आणि मानपत्र. साहेबाचा मराठीशी संबंध एवढाच, की मंडळातले निम्मे लोक त्याच्या सहीवर कामं घेतात.

"वहिनी, मानपत्र तुम्हीच लिहा आणि वाचाही," अध्यक्ष फोनवर म्हणाले. "साहेब तुमचेच आहेत."

शुक्रवारी सकाळी लिहायला बसले. मानपत्राची भाषा आपल्याला पाठच असते. कष्टकऱ्यांचे कैवारी, उन्हातले वटवृक्ष, असं भराभर सुचत गेलं. मग सवयीने 'प्रसिद्धिपराङ्मुख' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं, आणि हसण्याच्या पाठोपाठ संताप. साहेबाचा नव्हे, माझा. एवढे मोठाले शब्द मला येत होते आणि एका माणसाचं नाव एका रकान्यात घालता आलं नव्हतं. कागद फाडला आणि नव्याने सुरुवात केली.

नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने चहाचा कप बाजूला ठेवला.

"जानेवारीत तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय," तो म्हणाला. "त्यावर सही कुणाची असते?"

"साहेबाची."

"आणि पोरीची दहावी. तुझी नोकरी गेली तर माझ्या एकट्याच्या पगारात इथलं भाडं आणि तिची शाळा बसत नाही. मग तुम्हा दोघींना नाशिक."

"मग नाशकात काय शाळा नाहीत?" मी म्हटलं. आवाज जरा चढलाच होता.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. फेटा बांधून झाल्यावर साहेब आनंदाने लालबुंद झाला होता. शाल घातली, नारळ हातात दिला, आणि मी उभी राहिले.

वाचलं. साहेबाने काय केलं ते सगळं वाचलं, एक शब्द कमी केला नाही. मग म्हटलं, "आणि हे ज्याच्यापासून सुरू झालं तो आमच्या साइटवरचा एक पाइप फिटर. त्याला ना राजाने काही दिलं, ना कंपनीने, ना आपण. त्याचं नाव मी घेते." घेतलं. बापाच्या नावासकट, गावासकट घेतलं. ते नाव मी या लिखाणात घालत नाही, कारण ते घालायचा हक्क माझा नाही हे मला नंतर कळलं.

साहेबाला मराठी येत नाही. तेवढ्यावर थांबले असते तर ती पाठीमागची कुजबुज झाली असती, आणि कुजबुज मला करायची नव्हती. म्हणून तेच सगळं त्याच्याकडे तोंड करून इंग्रजीत सांगितलं. पुढच्या रांगेत अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले होते. मागच्या रांगेत ड्रायव्हर आणि वेल्डर मंडळी बसली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आधी दोघांनी, मग सगळ्या रांगेने.

साहेबाने नारळ टेबलावर ठेवला. चिडेल असं मला वाटलं होतं, पण तो शांतपणे म्हणाला, "त्याचं नाव कागदात असेल असं मी धरून चाललो होतो. ते कागद तुम्ही तयार केले होते ना?"

"हो," मी म्हटलं, माइकसमोरच. "मीच गाळलं. आणि तुम्ही वाचून सही केली."

त्याने मान हलवली. मी मानपत्र त्याच्या हातात दिलं.

मंडळाच्या ग्रुपवर दोन दिवस धुळवड चालली. पाहुण्याला बोलावून अपमान, मराठी माणसाला मोठेपणा सोसत नाही, वगैरे. अध्यक्षांनी फोन करून सुनावलं, "अहो, निदान आम्हाला आधी दाखवायचं तरी!"

"दाखवलं असतं तर वाचू दिलं असतंत का?" मी विचारलं.

जानेवारीत साहेबाने माझ्या कॉन्ट्रॅक्टवर सही केली. त्याच्या ईमेलखालची अक्षरं अजून आहेत. माझ्या फॉर्ममधल्या त्या रकान्यात मी आता माणसाचं नाव घालते. क्रमांक नाही म्हणून कॉम्प्युटर फॉर्म परत पाठवतो, मी तोच पुन्हा पाठवते. एकूण मी स्वतःवर भलतीच खूश होते. मागची रांग अध्यक्षांच्या इतकी मागे लागली की शेवटी मंडळानेही नमतं घेतलं आणि फिटरसाठी शाल पाठवायचं ठरवलं. त्याचा जुना नंबर बंद झाला होता. बार्शीच्या एका ड्रायव्हरकडून नवा मिळवला आणि फोन लावला.

"ताई, तुमी माझं नाव घेतलं म्हनं," तो म्हणाला. कार्यक्रमात कुणीतरी काढलेला व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचला होता.

"घेतलं. आणि मंडळ तुम्हाला शाल पाठवतंय, काका."

"शाल नगं."

"का? तुमचा मान आहे तो. हक्काने घ्या."

"आवो, त्यो सवाल माझा न्हाईच. मी तुमच्याकडं यायच्या आदी, दुसऱ्या साइटवर, माझा जोडीदार हुता. शेजारच्या गावचा. तितं दुपारीबी काम चालायचं, मधीच त्यानं मला इचारलं, आपल्या गावाला येष्टी कुठनं धरायची रं? आमी हसलो. म्हनलं, याला बायकोची याद आली. मी तर लई हसलो, ताई. चार वाजता पडला त्यो, उठलाच न्हाई. तवापास्नं मी समद्यांना इचारत आलो. सवाल त्याचा हाय. त्याच्यावर हसलेल्या मानसानं शाल कशी घ्यायची?"

एवढ्या भरल्या हॉलमध्ये मी ठासून जे खरं म्हणून वाचलं होतं, त्यातही एक माणूस गळलाच होता.

"मग त्याचं नाव सांगा," मी म्हटलं. "ते घालते मी."

त्याने नाव सांगितलं, आणि लगेच म्हणाला, "पर कागदावर नगा घालू. आन् माझंबी नगं, मानसं माझ्यावरनं त्याच्या घरापतुर जातील. त्याच्या आईला आमी सांगितलंय, झोपंत गेला म्हनून. म्हातारी अजून हाय."