चंद्रीचं दूध आणि बंकटची पाठ

निजामाच्या राज्यात आमच्या पाली गावात सही करता येणारा माणूस शोधावा लागे, पण कोणता पैलवान पहिला आणि कोणता दुसरा हे ठरवणारी माणसं घरटी एक तरी असत. पुरुष मारुतीच्या पारावर ठरवत, बायका बिंदुसरा नदीच्या काठी धुणं आपटताना ठरवत. पारावरचा निकाल रोज बदले. काठावरचा बदलत नसे, कारण तिथं सारजाबाई होती.

सारजाबाई म्हणजे तात्याबाची बायको. म्हशी-शेळ्या राखणारं घर. बाई अंगानं किरकोळ, पण आवाज असा की तिनं गोठ्यातून हाक मारली की नदीपल्याडची परकी म्हैससुद्धा मान वर करून बघायची. कुस्तीचा नाद तर विचारू नका. तात्याबा पारावरून घरी आला की आधी कुस्तीची बातमी द्यायची आणि मग भाकरी मागायची, असा घरातला कायदाच होता. बातमी शिळी निघाली तर भाकरीही शिळीच मिळे.

आणि एवढं सगळं करणाऱ्या या बाईनं जन्मात एकही कुस्ती पाहिली नव्हती. बायकांनी फडाकडे फिरकायचं नाही, अशी रीत होती. का, म्हणून विचारलं तर सांगत, मारुती ब्रह्मचारी आहे. मारुतीनं स्वतः कधी तक्रार केल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्याच्या वतीनं मोहनराव पाटीलच बोलत असत. देवाच्या वतीनं बोलणाऱ्यांचं एक बरं असतं, देव कधी उलटून बोलत नाही.

कुस्ती न पाहता ही बाई पैलवानांचा क्रम लावायची कशी? तर दुधावरून. जो तांब्या तोंडाला लावून एका दमात रिकामा करील तो खरा पैलवान. जो फुंकर मारत पिईल तो दुसरा. आणि जो साय बोटानं बाजूला काढील त्याला ती माणसातच धरत नसे, मग पैलवानात कुठली धरणार! या हिशेबानं पहिला एकच होता, आमच्या तालमीतला बंकट. बंकटला आई नव्हती आणि सारजाबाईला पोर नव्हतं. तिच्या चंद्री म्हशीचं संध्याकाळचं दूध बंकटचं, हे न बोलताच ठरून गेलं होतं. दिवस कलला की ती गोठ्यातून ओरडे, "बंकटाऽऽ!" आणि बंकट असेल तिथून निघे. एकदा तालमीत त्यानं जोडीदाराची मान बगलेत धरली होती. हाक आली तशी मान तिथंच सोडून हा दूध प्यायला गेला. तो जोडीदार बिचारा थोडा वेळ तसाच वाकून उभा होता.

मग एका जत्रेत कडा गावच्या सटव्यानं बंकटला आस्मान दाखवलं. तात्याबा तोंड पाडून घरी आला.

"पाठ लागली बंकटची."

"घाम आलता का सटव्याला?" सारजाबाईनं विचारलं.

"लई."

"अन् बंकटला?"

"त्याला कुठून येतो? त्यो लगीच पडला."

"मंग झालं तर. ज्याला घाम आला त्याची ताकद सरली. बंकटची हाय तशी शिल्लक हाय. पैला बंकटच."

तात्याबानं डोकं खाजवलं. भूक लागली होती, म्हणून त्याला ते पटलं.

पण पुढच्या साली सिरसाळ्याच्या रामहरीनं त्याच सटव्याला लोळवलं आणि घरातच भांडण उभं राहिलं. कारण सारजाबाईची धाकटी जाऊ सुंदरबाई ही सिरसाळ्याची. दोघींच्या अंगणांच्या मधे बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, आणि ते शेळ्यांसाठी आहे असं दोघी म्हणत. सुंदरबाईची म्हैस गुजरी माहेरून आलेली. आणि रामहरी लहानाचा मोठा झाला तो म्हणे गुजरीच्याच आईच्या दुधावर. आता रामहरी पहिला ठरला तर गुजरीचं दूध पहिलं ठरत होतं, आणि हे सुंदरबाईला उशिरा सुचलं असेल असं समजू नका.

"आक्का, साधा हिशेब हाय," ती एक दिवस नदीवर म्हणाली. "रामहरीनं सटव्याला पाडलं. सटव्यानं बंकटला पाडलं. मंग रामहरी मोठा का न्हाई?"

सारजाबाई लुगडं पिळत होती. ती म्हणाली, "आपली चंद्री पाटलाच्या बैलाला हुसकती. पाटलाचा बैल पाटलाला हुसकतो. मंग चंद्रीला पाटीलकी देती का?"

बायका खो खो हसल्या. त्यांत पाटलीणबाईही होत्या. सगळ्यांत जास्त त्याच हसल्या.

सुंदरबाई मात्र हसली नाही. "मंग लाव शर्त," ती म्हणाली. "औंदा जत्रंला रामहरी पालीत येनार हाय. बंकटसंगं जोड लागंल. जिचा पैलवान पडंल तिनं दुसरीच्या म्हशीची शिंगं रंगवायची, गळ्यात हार घालायचा, कासरा धरून गावातून नदीवर न्यायची. अन् समद्यांदेखत म्हनायचं, हिचं दूध पैलं, माझ्या म्हशीचं दुसरं."

"लागली शर्त," सारजाबाई म्हणाली खरी, पण पिळलेलं लुगडंच तिनं पुन्हा पिळायला घेतलं. तुम्ही हसाल. पण म्हशी राखणाऱ्या घरातल्या बाईला रूपावरून बोला, स्वयंपाकावरून बोला, ती ऐकून घेईल. दुधावरून बोललात तर तिच्याजवळ दुसरं काही उरत नाही. त्या दिवसापासून चंद्रीला सरकीची पेंड दुप्पट झाली आणि तात्याबाची भाकरी पातळ झाली.

जत्रा चैत्रात भरली. आता सारजाबाई जत्रेच्या दिवशी कुस्ती कशी समजून घ्यायची तेही सांगायला हवं. आसाराम फडात हलगी वाजवायचा आणि तिची गोठ्यातून ओळख होती ती त्याच्या हाताशी. पैलवान नुसते एकमेकांभोवती फिरत असले की हलगी रमतगमत वाजे. हातात हात गुंतले की पाय उचले. कुणी कुणाच्या पायाला हात घालून पट काढला की पळत सुटे. पाठ लागली की तीन टोले आणि मग माणसांचा गलका. हे सगळं सारजाबाईला पाठ होतं. गावातल्या बाया पोळ्या लाटायला मुद्दाम तिच्या अंगणात जमत आणि ती लाटणं हवेत धरून कुस्ती सांगे. फक्त पाठ कुणाची लागली हे हलगी सांगत नसे. तेवढं ती आपल्या मनानं सांगायची.

शेवटची जोड बंकट आणि रामहरीची. अंगणात सगळ्या कान टवकारून बसल्या. हलगी रमली, मग पाय उचलू लागली, मग एकदम पळत सुटली.

"धरला! बंकटनं पट धरला!" सारजाबाई ओरडली.

"कावून? रामहरीनं धरला असंल," सुंदरबाई म्हणाली. शर्तीच्या पायी ती आज कुंपणाच्या अलीकडं येऊन बसली होती.

"आसाराम आपल्या गावचा. आपलं पोरगं वर असलं की त्याचा हात नेटानं पडतो."

"पाव्हन्याचा मान म्हून पडत असंल!"

तव्यावरची पोळी काळी झाली तरी कुणी उलटली नाही. हलगी पळत होती, पळत होती, आणि मध्येच बंद पडली.

तीन टोले नाहीत. गलका नाही. काहीच नाही.

असं कधी झालं नव्हतं. सारजाबाईचं लाटणं हातातून गळालं. "मान मोडली," ती म्हणाली. "लेकराची मान मोडली माझ्या." आणि ती उठून पळत सुटली. रीत, मारुती, पाटील, कुणी म्हणता कुणी तिला आठवलं नाही. सुंदरबाई तिच्यामागं धावली, पण जवळची वाट म्हणून कुंपणातून घुसायला गेली, आणि बाभळीनं तिचं लुगडं असं धरलं की बाकीच्या बायांना ते काट्याकाट्यानं सोडवत बसावं लागलं.

फडात कुणाची मान मोडली नव्हती. आसारामनं हलगी चढावी म्हणून जाळावर जास्तच शेकली होती आणि ऐन रंगात तिचं कातडं फाटलं होतं. भोकातून हात घालून तो पलीकडची बोटं बघत बसला होता. आणि कुस्ती अशा टोकाला आली होती की गाव श्वास धरून उभं होतं.

सारजाबाई माणसांच्या कोपराखालून घुसत पुढं आली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं कुस्ती पाहिली. तिला काही म्हणता काही कळलं नाही. हलगी नव्हती ना! लाल मातीत दोन माणसांचा एक गुंता पडला होता आणि तो हळूहळू हलत होता. पाय कुणाचे, हात कुणाचे, पत्ता लागेना.

"हे काय मांडलंय?" ती शेजारच्याला म्हणाली. "कावून निजलेत हे?"

शेजारचा तात्याबाच होता. बायकोला फडात बघून त्याची बोबडी वळली.

मग गुंत्यात तिला बंकटचा एक कान दिसला. कान ओळखीचा होता. जिवंत आहे पोरगं, एवढं तिला कळलं, आणि आनंदानं तिच्या तोंडून रोजचीच हाक बाहेर पडली.

"बंकटाऽऽ!"

बंकट वर होता. रामहरीला त्यानं जवळजवळ उलटवलं होतं. तात्याबा पुढं आयुष्यभर मारुतीची शपथ घेऊन सांगायचा की आणखी एक हिसका बसता तर काम झालं होतं. पण हाक आली. रोज संध्याकाळी येते तशी आली. बंकटनं मान वर केली, हात ढिले सोडले, उठायला लागला. रामहरी काय दूध पिऊन खुळा झाला होता? त्यानं खालूनच पलटी मारली आणि बंकटची पाठ मातीला टेकवली.

बंकट उताणा पडून वर बघत होता. वर सारजाबाई वाकून उभी होती.

"माय," तो म्हणाला, "धार काढली का?"

सिरसाळ्याच्या माणसांनी टोप्या उडवल्या. तेवढ्यात मोहनराव पाटील पुढं झाले. "कुस्ती बाद!" ते गरजले. "बाई फडात आली. रीत मोडली. मारुतीला चालायचं न्हाई. पुढल्या साली नव्यानं जोड लावू."

"बाद! बाद!" सगळी पाली ओरडली. बाराही महिने पारावर एका गोष्टीवर एकमत न होणारी माणसं त्या घडीला एका सुरात ओरडली. सिरसाळेकरांनी काठ्या सावरल्या. तात्याबा बायकोला डोळ्यानं खुणावू लागला, गप बस, गप बस. खरंच, तिला नुसतं गप बसायचं होतं. बंकटची पाठ वाचत होती, शर्त वाचत होती, चंद्रीचं दूध वाचत होतं.

सारजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्या हाकेनं पोरगं पडलं, हे तिला कळलं होतं आणि लागलंही होतं. तिनं पदर सारखा केला.

"पाटील, पाठ लागली," ती म्हणाली.

"तू मधी बोलू नको."

"मधी न्हाई, शेवटाला बोलती. पाठ लागली. मी पायली, मपल्या डोळ्यानं पायली. जन्मात एक कुस्ती पायली, अन् तुमी म्हनता ती झालीच न्हाई?"

पाटलांनी मारुतीकडे पाहिलं. मारुती नेहमीप्रमाणं काही बोलला नाही, आणि त्या दिवशी पाटलांनाही त्याच्या वतीनं काही सुचेना. फेटा रामहरीच्या डोक्याला बांधला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाईनं गुजरीची शिंगं हिंगुळानं रंगवली, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि कासरा धरून गावातून निघाली. पारासमोर थांबून, आवाज जरासुद्धा खाली न आणता म्हणाली, "हिचं दूध पैलं. माझ्या चंद्रीचं दुसरं." तात्याबा तिथंच होता, पण तो पारामागच्या पिंपळात काहीतरी शोधत होता.

सुंदरबाई बरोबर चालत होती. खरं तर तिनं नाचायला हवं होतं. पण तिचं तोंड आंबलेलं होतं. काट्यातून सुटून ती फडात पोचली तेव्हा रामहरी फेटा बांधून पान खात उभा होता.

"आक्का," थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "कशी झाली वं कुस्ती?"

"तुला काय करायचं? तू जिंकलीस."

"जिंकले, पर पायली कुठं मी? सांग की."

सारजाबाईनं नुसता कासरा ओढला. नदीच्या उतारापर्यंत सुंदरबाईनं तिचा पदर सोडला नाही. सांग की, सांग की. धुण्याच्या दगडांवरच्या बायाही उठून भोवती आल्या. त्यांत पाटलीणबाई सगळ्यांत पुढं.

"असं बघ," शेवटी सारजाबाई म्हणाली. "बंकट वर व्हता. त्यानं हा हात असा…" एका हातानं दाखवता येईना. "ह्यो धर जरा," म्हणून तिनं कासरा सुंदरबाईच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी हवेतल्या रामहरीला मिठी घातली. जिंकलेली बाई आपलीच म्हैस धरून उभी आणि हरलेली काठावर डाव टाकतेय, असं ते दृश्य होतं. धुणं तसंच राहिलं. फडात कुस्ती जेवढा वेळ झाली त्याच्या कितीतरी पट ती काठावर झाली.

"मंग आता पैला कोन म्हनायचा?" पाटलीणबाईंनी मध्येच विचारलं.

"बंकट," सारजाबाई हवेतली मिठी न सोडता म्हणाली.

सुंदरबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. पाठ लागायची अजून बाकी होती, आणि तिला ती ऐकायची होती.