येळवशीच्या दिवशी भरवलेली शाळा

लातूर जिल्हा वेगळा झाला, नवी भरती निघाली, आणि नांदेडात वाढलेली मी निलंग्याजवळच्या एका खेड्यात शाळेवर बाई म्हणून रुजू झाले. त्या वर्षी पावसानं दडी मारलेली. पाण्याचा टँकर आला की पोरं घागरी घेऊन पळायची आणि वर्ग रिकामा.

पुस्तकात श्रीखंड-पुरीची कविता होती. मी टाळ्या वाजवत म्हणून दाखवली, तर एकजण म्हणाला, "बाई, श्रीखंड म्हंजी काय असतंय?" माझं डोकंच फिरलं. पोरांवर नव्हे, पुस्तकावर! ते मिटलं आणि म्हटलं, "आपापल्या घरच्या जेवणाची कविता करा. घरी ज्या भाषेत जेवायला मागता, त्याच भाषेत." मग काय विचारता! एकानं अम्मीच्या खिचडी-खट्ट्यावर केली. तांड्यावरच्या बंजारा पोरीनं भाकरीला गोरमाटीत हाक मारली. एकाची बुद्धपौर्णिमेच्या खिरीवर, तीही तक्रारीचीच, की ही वर्षातून एकदाच का? वर्गात नुसता धिंगाणा.

एकच पोरगी गप्प. घरची भाषा कानडी. तिसरीत आली तरी वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. एक दिवस तिचे वडील शाळेच्या दारात येऊन म्हणाले, "शाळेत मुकीच हाय बाई ती. पुढल्या आठवड्यापासून शेळ्यामागं धाडतो." असा राग आला मला! म्हटलं, "सोमवारी सगळी पोरं कविता म्हणणार आहेत. या, ऐका, मग काय ते ठरवा." ते हसले आणि गेले. हेडमास्तरांना सोमवारचं सांगितलं तर तेही हसले, वर्गात सांगितलं तर पोरंही हसली. मला वाटलं, आनंदानं.

सोमवारी मी रांगोळी काढून बसले, आणि गावात चिटपाखरू नाही. शेवटी हेडमास्तर बैलगाडी घेऊन आले, पोट धरून हसत. "अहो बाई, येळवशीच्या अवसेला शाळा? आज शेताची पूजा, अख्खं गाव रानात जेवतंय."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, तुम्ही चेष्टा करताय."

तणतणतच गाडीत बसले. रानात ज्वारी गुडघ्याएवढी, तीही वाळत चाललेली. पण कडब्याच्या कोपीपुढं पंगती बसल्याच होत्या. भज्जीत यंदा डाळी-भाज्या कमी आणि ताक जास्त, आंबिल तर पाण्यासारखी. त्या दिवशी कुणीही कुणाच्या शेतात जेवावं अशी तिथली रीत, त्यामुळं माझी सगळी पोरं आसपासच होती. मला बघून धावत आली आणि पंगतीपुढंच कविता म्हणायला लागली. माणसं जेवता जेवता वाहवा करत होती.

पंगत होती त्या मुक्या पोरीच्या शेतात. वडील जेवत होते, आई वाढत होती. मी पोरीला म्हटलं, "तू?" अपेक्षा काहीच नव्हती. ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"अव्वानं केली भज्जी.
अप्पा म्हणतो बेकु, बेकु.
अण्णा म्हणतो बेकु, बेकु.
अव्वाला कुणी इचारत न्हाई,
अव्वा म्हणते साकु, साकु."

अव्वा म्हणजे आई, अण्णा म्हणजे थोरला भाऊ, बेकु म्हणजे पाहिजे, साकु म्हणजे पुरे. एवढी कानडी त्या भागात सगळ्यांनाच येते. पंगत आधी हसली, मग सगळ्यांनी तिच्या आईकडं पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वडिलांचा घास हातातच राहिला. त्यांनी बायकोला खाली बसायला सांगितलं, नवा वाडगा घेतला आणि स्वतः पातेल्यातली भज्जी वाढली. एक पळी झाली तशी ती सवयीनं म्हणाली, "साकु, साकु."

"बेकु म्हण, अव्वा!" पोरगी ओरडली.

आईनं पदर तोंडाला लावला आणि हसत हसत म्हणाली, "बेकु."

वडिलांनी वाडगा काठोकाठ भरला. माझ्याकडं न बघताच विचारलं, "हिची शाळा किती वाजता भरती, बाई?"

"अकराला," मी म्हटलं. "आणि शेळ्यांचं तुमचं तुम्ही बघा."