कुत्र्याच्या नाकावरची खपली

आई पारशिवनीहून आमच्याकडे प्रताप नगरला राहायला आली ती एका अटीवर: कुत्रा सोबत येईल. बाबा जाऊन दोन महिने झाले होते आणि तिकडच्या घरात ही दोघंच उरली होती. आईचं वय चौऱ्याहत्तर, कुत्र्याचं अकरा. गावठी, बिस्किटाच्या रंगाचा, एका कानाला टोक नसलेला. मी अट लगेच मान्य केली. नाही म्हटलं असतं तर आई एकटी राहिली असती, आणि तिचा रक्तदाब मला माहीत होता.

मे महिन्यात माझ्या लक्षात आलं की त्याचं नाक पार सुकलं आहे. वरच्या कडेला खपली धरली होती, खरखरीत, बोटाला टोचणारी. मधोमध एक भेग होती. मी उन्हाला दोष दिला आणि कूलरला दिला. तो दिवसभर कूलरच्या पुढ्यात तोंड करून झोपायचा. त्याची जागा बदलली. मग पावसाळा आला, हवेत ओल आली, कूलर बंद झाला, पण नाक तसंच राहिलं. म्हणजे माझा अंदाज चुकला होता.

ऑगस्टमध्ये आईने विषय काढला. ती भाजी निवडत होती.

"त्याले हे गाव मानवत नाही, बाबू."

"नाकाचा अन् गावाचा काय संबंध, आई?"

"संबंध तू शोध. तू शिकेल हायस. मी एवढंच सांगतो, दसऱ्याले आपले लोकं गाडी करून दीक्षाभूमीवर येतेत. तवापर्यंत नाक बरं झालं तं ठीक. नाही तं त्याच गाडीत मी त्याले घेऊन वापस जाईन."

तिचा आवाज चढलेला नव्हता. भाजी निवडणं चालूच होतं. आई धमकी देणारी बाई नाही. ती तारीख सांगते आणि त्या तारखेला ते करते. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली.

मी बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. काँक्रीटचे ठोकळे पाण्यात ठेवायचे, सातव्या दिवशी काही फोडून बघायचे, अठ्ठाविसाव्या दिवशी बाकीचे. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे घरातही मला सात दिवसांच्या आत कशावरच मत देता येत नाही. मी वही घेतली आणि ठरवलं की एका वेळी एकच उपाय, प्रत्येकाला सात दिवस, आणि दर रविवारी सकाळी भेगेची लांबी मोजायची. त्यासाठी घरातला कॅलिपर वापरला. कुत्रा एक बिस्किट मिळेल या बोलीवर स्थिर बसायचा.

पहिला आठवडा खोबरेल तेल. भेग नऊ मिलिमीटरवरून सातवर आली. दुसरा आठवडा जवसाचं तेल, कारण शेजारचे काका त्याचे गुण गात होते. सात ते सहा. तिसऱ्या आठवड्यात व्हॅसलिन लावलं. सहा ते सहा. चौथ्या आठवड्यात पुन्हा खोबरेल घेतलं, पहिला आकडा खरा की योगायोग हे बघायला. सहा ते आठ.

हे मला पटेना. ज्या तेलाने भेग कमी झाली त्याच तेलाने ती वाढली कशी? मी वहीत प्रश्नचिन्ह काढलं आणि त्या रविवारी चहा न घेताच अंगणात गेलो. आई पायरीवर बसली होती. कुत्र्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्या नाकाला काहीतरी चोळत होती.

"आई, काय लावून राहिली?"

"तूप."

"आजच?"

"रोजच लावतो. सकाळी तू आंघोळीले गेला का."

"अवं, मी तेल लावून राहिलो ना त्याले."

"तेलानं काय होते? तो चाटून टाकते."

"मग तूप नाही चाटत का?"

"तूप तं आवडीनं चाटते," आई म्हणाली. "पोटात तं जाते."

मी घरात येऊन बायकोला हे सांगितलं. तिचा चेहरा बघून मला पुढचा प्रश्न विचारावा लागला. ती दुपारी कुंडीतली कोरफड कापून लावत होती. आमची मुलगी कॉलेजला जाते, ती आतून म्हणाली, "बाबा, मी पण लावते. लिप बाम. संध्याकाळी." आणि थोड्या वेळाने, "स्ट्रॉबेरीचा आहे. त्याला चालतो."

अठ्ठावीस दिवस एका नाकावर चार माणसं चार पदार्थ लावत होती, आणि चारही जणांना वाटत होतं की जो काही फरक आहे तो आपल्यामुळे आहे. वहीतला एकही आकडा कामाचा नव्हता. मी सगळ्यांना बसवून सांगितलं की आता सात दिवस कोणीच काही लावायचं नाही. मुळात नाक कसं आहे ते कळलं पाहिजे, मग नव्याने सुरुवात करू.

"काहीच नाही?" आईने विचारलं.

"काहीच नाही."

"काहून?"

"कळलं पायजे ना, आई."

तिने तीन दिवस खरंच काही लावलं नाही. कुत्रा सवयीने पायरीवर जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा आणि ती हात पदराखाली घ्यायची. मला ते दिसत होतं. चौथ्या दिवशी सकाळी हॉलच्या फरशीवर रक्ताचे दोन थेंब होते. भेग आतपर्यंत फाटली होती आणि तो पंजाने नाक पुसत होता.

आईने ओल्या फडक्याने फरशी पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले आकडा पायजे, बाबू. त्याले काय पायजे, हे त्या वहीत कुठी लिहिलं हाये का?"

चाचणी चौथ्या दिवशी बंद केली. खरं तर ती सुरूच करायला नको होती. ठोकळ्याला दुखत नाही, ही साधी गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती.

त्याच संध्याकाळी बायको आणि मी त्याला गाडीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बॅटरी लावून नाक बघितलं, हिरड्या बघितल्या, पंजांचे तळवे दाबले. तळव्यांच्या कडाही तशाच कडक झाल्या होत्या. ते आम्ही कोणी बघितलंच नव्हतं.

"वयामुळे होतं," ते म्हणाले. "कातडी जास्तीची वाढते अन् जमत जाते. काही इन्फेक्शन नाही दिसून राहिलं."

"बरं कधी होईल?" मी विचारलं.

"बरं असं नाही होणार, सर. सांभाळायचं. कोमट पाण्यात कापड भिजवून पाच मिनिटं नाकावर धरा, खपली नरम होते. नखानं काढायची नाही. मग खोबरेल किंवा साधं व्हॅसलिन, एकदम पातळ. दहा मिनिटं चाटू द्यायचं नाही. दिवसातून दोनदा."

"किती दिवस?"

"जोपर्यंत तो आहे तोपर्यंत."

कोरफड बंद करायला सांगितली, ती पोटात गेली तर त्रास देते. वासाचं काही लावायचं नाही, म्हणजे स्ट्रॉबेरी गेली. तूप थोडं गेलं तर हरकत नाही, पण जाडा होईल, म्हणाले. खाण्याचं प्लॅस्टिकचं भांडं बदलून स्टीलचं घ्या, त्यानेही काहींना त्रास होतो. रक्त पुन्हा आलं, रंग उडाला किंवा नाकातून पाणी वाहायला लागलं तर लगेच आणा.

परत येताना बायको म्हणाली, "आईंना सगळं सांगू नका."

"म्हणजे?"

"सुधारेल म्हणाले, एवढंच सांगा. खोटं नाही ते. भेग तर भरेलच ना. दसऱ्याला बारा दिवस राहिले."

"बरं होणार नाही म्हणाले ते."

"अहो, त्या खरंच जातील. तिकडे रात्री चक्कर आली तर कोण बघणार आहे?"

तिचं बरोबर होतं. चौकातल्या गर्दीत सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला. अठ्ठावीस दिवस चुकीचे आकडे लिहिल्यावर मला आता आणखी एक चुकीची नोंद करायची नव्हती, आणि आईच्या बाबतीत तर नाहीच. पण ती गेली तर त्याला मी जबाबदार असेन हेही मला कळत होतं.

आई हॉलमध्येच बसली होती. मी सगळं सांगितलं. बरं होणार नाही हे आधी सांगितलं, उपाय नंतर.

तिने कुत्र्याच्या कानामागे खाजवलं.

"गावाचा दोष नाही मग."

"नाही."

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "तिकडंही सुकेच थोडं थोडं. दोन वर्षं झाले. तुझे बाबा तोंड धरत अन् मी तूप लावत होती. तुले सांगतलं नाही."

"काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं जायाले कारण काय राहिलं असतं?"

मी कोमट पाणी आणलं, कापड पिळलं. कुत्र्याला ओलं कापड नको होतं. मी एकट्याने प्रयत्न केला तर तो मान फिरवून सोफ्याखाली गेला. आई खाली बसली, त्याला बाहेर ओढलं, दोन्ही हातांनी जबडा धरला. मी पाच मिनिटं कापड धरून ठेवलं, मग तेल लावलं. नंतरची दहा मिनिटं ती त्याचं डोकं दाबून बसली आणि त्याच्याशी बोलत राहिली.

"दोनदा म्हणते डॉक्टर?" तिने विचारलं.

"रोज दोनदा."

"रोज?"

मी मनात हिशेब केला. आठवड्यात चौदा वेळा. ती तिकडे गेली आणि मी दर रविवारी गेलो, तरी चौदातल्या दोन. मी हे तिला सांगितलं नाही. तिला आकड्यांची गरज नव्हती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि औषधाच्या गोळ्या घ्यायला गेली.

दसऱ्याला गावाकडची माणसं दीक्षाभूमीवरून दुपारी घरी जेवायला आली. नऊ जण होते. आईने सकाळपासून पुऱ्या लाटल्या होत्या. माझ्या आत्याचा मुलगा गाडी घेऊन आला होता. तो हात धुताना म्हणाला, "चाल ना वं मामी, पिशवी कुठी हाये तुही? पुढची सीट ठेवली तुह्यासाठी."

"मी नाही येत."

"आँ? मागच्या महिन्यात तं येतो म्हणत होती."

"त्याचं नाक हाये ना. दोघं लागते धराले."

"कुत्र्यासाठी थांबून राहिली का मामी?"

"अन् तू कोणासाठी एवढ्या घाईनं जाऊन राहिला? पुरी घे अजून एक."

सगळे हसले. त्याने पुरी घेतली. मी बायकोकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती हे मला माहीत होतं.

गाडी चार वाजता गेली. आईने खरकटी ताटं उचलली, बायकोने तिच्या हातातून घेतली. मग आई पायरीवर जाऊन बसली आणि मला हाक मारली, "पाणी गरम कर गा. याची वेळ झाली."